१९३४ चा 'इट हॅपन्ड वन नाइट' आज बघवतो का?

तुम्ही विचारलंय की इतका जुना कृष्णधवल विनोदी सिनेमा आज खरंच हसवतो, की केवळ पाच मोठी ऑस्कर मिळाली म्हणून आदराने बघायचा. मी तो चार वेळा पाहिलाय, शेवटचा गेल्या दिवाळीत, एकोणीस वर्षांच्या भाचीबरोबर. हसवतो, अगदी मनापासून.

गोष्ट तुमच्या ओळखीची निघेल. 'चोरी चोरी' (१९५६) आणि 'दिल है के मानता नहीं' (१९९१) यांचं मूळ हेच. श्रीमंत बापाच्या तावडीतून पळालेली एली (क्लॉडेट कोल्बेर), नोकरी गेलेला पत्रकार पीटर (क्लार्क गेबल) आणि मायामीहून न्यूयॉर्कच्या दिशेने रात्रीचा बसप्रवास. दिग्दर्शक फ्रँक काप्रा.

सुरुवातीला भाचीचा एक डोळा मोबाइलवरच होता. तो खाली ठेवला गेला एका प्रसंगात. एलीला शोधत बापाची माणसं त्यांच्या खोलीत येतात. दोघांचं आधी काहीच ठरलेलं नाही. पीटर एकदम तिच्यावर खेकसतो, ती त्याच क्षणी रडका, किरकिरा सूर लावते आणि दोघं अशी कडाकडा भांडतात की आलेली माणसं नवरा-बायको समजून काढता पाय घेतात. मग दोघांना हसू आवरत नाही. तोवर एकमेकांना पाण्यात बघणारी ही दोघं इथे पहिल्यांदा एका बाजूला येतात, आणि प्रेमाचा एक शब्दही न बोलता! माझ्या मते सिनेमा टिकलाय तो या बरोबरीमुळे. लिफ्ट मागायला अंगठा कसा दाखवायचा यावर पीटर भाषण देतो, पण एक गाडी थांबेल तर शपथ. एली स्कर्ट जरा वर सरकवते आणि लगेच गाडी करकचून थांबते.

या हसण्याच्या तळाशी भूक आहे. काळ महामंदीचा. बसमध्ये सगळे मिळून गाणं म्हणत असतात, रंगात आलेले असतात, आणि एका लहान मुलाचं रडणं ऐकू येतं. त्याची आई उपाशीपोटी बेशुद्ध पडलेली असते, होते नव्हते ते पैसे तिकिटात गेलेले. इथे मला दर वेळी गलबलून येतं.

खटकतं तेही सांगतो. एलीला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडताना पीटर तिला चापट मारतो. शेवटाकडे तर तिच्या बापाला म्हणतो, हिला रोज एक ठोसा लगावणारा नवरा हवा. त्या काळी असे विनोद चालायचे, हे कारण मला पुरत नाही. भाचीचा चेहरा उतरला आणि आम्ही सिनेमा थांबवून त्यावर बराच वेळ बोललो.

सबटायटल्स लावूनच बघा, संवाद फार भरभर जातात. आणि दोघांच्या पलंगांमध्ये पीटर दोरीवर जी चादर टांगतो, तिला तो 'जेरिकोची भिंत' म्हणतो. बायबलमध्ये ही भिंत रणशिंगांच्या आवाजाने कोसळते. तेवढं लक्षात ठेवा, शेवटचं दृश्य त्यावरच आहे.