सेल्फ गाडीचा नाही, फ्लायव्हीलचा बघा

या वेळी तीन पत्रं आलीत आणि तिन्ही सेल्फचीच (किल्ली फिरवल्यावर इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर), म्हणजे इंजिन बदललं, गाडी उभी राहिली, सगळं जोडून झालं आणि किल्ली फिरवल्यावर घोडं अडलं. म्हणून तिन्ही एकत्रच घेतो. पहिल्याला जरा जास्त जागा देतोय कारण तीच अडचण सगळ्यात जास्त लोकांना येते.

प्रश्न: नमस्कार सर. वडिलांची 1972 ची अँबेसेडर मार्क टू आहे. जुनं 1489 सीसीचं इंजिन पार गेलं होतं म्हणून इसुझूचं 1800 पेट्रोल इंजिन त्याच्या फाइव्ह स्पीड गिअरबॉक्ससकट टाकलं. इंजिन भंगारातनं घेतलं, सेल्फ नव्हता, फ्लायव्हीलपण (इंजिनमागचं जड चाक) दुसरीकडून आणलं. मेस्त्रींनी नाना पेठेतनं सेल्फ मागवला, बोल्ट बरोब्बर बसले, पण पाच वेळा मारला की दोनदा खर्रर्र करतो आणि इंजिन फिरतच नाही. दुकानदार म्हणतो इसुझूचाच आहे. दोनदा बदलून झाला. आता काय करू? (मिरज)

उत्तर: दादा, तिसऱ्यांदा बदलू नका. दुकानदार खरं बोलत असेल, सेल्फ इसुझूचाच असेल, पण तुमचं फ्लायव्हील त्या सेल्फचं आहे का हा खरा प्रश्न आहे. सेल्फ गाडीच्या नावाने मागायचा नसतो आणि इंजिनच्या नावानेपण नसतो. त्याचं नातं दोनच गोष्टींशी, फ्लायव्हीलवरची दातांची रिंग आणि बेलहाउसिंग, म्हणजे फ्लायव्हीलभोवतीचं कवच, ज्यावर सेल्फ बोल्टने बसतो. बोल्ट बसले याचा अर्थ एवढाच की बेलहाउसिंग जुळलं. दात जुळले असा त्याचा अर्थ होत नाही.

आधी सेल्फ काढा आणि त्याच भोकातनं टॉर्च मारून रिंगचे दात बघा, इंजिन हाताने हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवत. बॅटरीची वायर काढून ठेवा, गाडी न्यूट्रलला. एका दातावर खडूने खूण करा आणि खूण परत येईपर्यंत दात मोजा, दोनदा मोजा, कारण शंभराच्या वरचा आकडा पहिल्यांदा हमखास चुकतो. मोजतानाच कळेल की दात सगळीकडे सारखे झिजलेले नाहीत. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना ठराविक दोनच जागी थांबतं, समोरासमोर, म्हणून सेल्फचा मार कायम त्या दोनच जागी बसतो. तुमचं पाचात दोनदा होतंय हे वाचूनच मला ही शंका आली. पुढच्या वेळी खर्रर्र झालं की किल्ली सोडा, इंजिन हाताने पाव फेरा पुढे घ्या आणि परत मारा. लागलीच उचललं तर सेल्फ निर्दोष आहे, रिंग खाल्लेली आहे. प्रत्येक जागी खरखरत असेल तर मग माप चुकलंय.

माप असं काढायचं. रिंगचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याला दातांच्या संख्येत 2 मिळवून भागा. समजा 110 दात आणि व्यास 280 मिमी, तर 280 भागिले 112 म्हणजे 2.5. हा झाला मॉड्यूल, दाताचा आकार. पिनियनचा (सेल्फच्या टोकाचं छोटं दातांचं चाक, जे रिंगमध्ये अडकतं) मॉड्यूलपण तोच पाहिजे, 2.5 च्या रिंगवर 3 चा पिनियन कधीच नीट बसणार नाही, किती शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घाला. फक्त पिनियनवर हेच गणित करू नका, सेल्फचे पिनियन बऱ्याचदा मुद्दाम थोडे मोठे कापलेले असतात आणि उत्तर फसवं येतं. पिनियन तपासायला तो हातात घेऊन रिंगच्या न झिजलेल्या दातांवर टेकवून फिरवून बघा, हाताला लगेच कळतं. मी तर नेहमी जुनं फ्लायव्हील पोत्यात घालून दुकानातच नेतो, लोक बघतात, बघू देत.

आता खोली. बेलहाउसिंगच्या ज्या तोंडावर सेल्फ टेकतो तिथपासून रिंगच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि सेल्फच्या फ्लँजपासून (बोल्टांची चपटी कड) सेल्फ बंद असताना आत राहिलेल्या पिनियनच्या टोकापर्यंतचं. दोन्हीत साधारण 3 मिमीचा फरक राहायला हवा. काहीच राहिला नाही तर गाडी चालू असताना पिनियन रिंगला घासत राहील, आणि 7-8 मिमी राहिला तर पिनियन बाहेर येऊनसुद्धा दाताचा जेमतेम कोपरा पकडेल आणि तोच खर्रर्र. वेगळीकडून आणलेल्या फ्लायव्हीलमध्ये ही चूक फार सापडते, दातांची संख्या जुळते पण रिंग मागेपुढे बसलेली असते.

रिंगच खराब निघाली तर फ्लायव्हील टाकून द्यायची गरज नाही, नुसती रिंग बदलता येते. ती तापवून बसवतात, पण लेथवाल्याला उभं राहून सांगा की लाल करायची नाही. लोखंडावर फिकट पिवळा रंग आला की पुरे, निळी पडली की दातांचं पाणी उतरलं, मग वर्षभरात परत हेच. आणि दाताची एक कड तासलेली असते, ती पिनियन ज्या बाजूने येतो त्याच बाजूला राहिली पाहिजे. उलटी बसवली तर नवीन रिंगपण खरखरते आणि सगळे सेल्फला दोष देतात.

इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर करून घेतली नसेल तर तेही उरका, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये ते येतं.

प्रश्न: माझी 1956 ची मॉरिस मायनर आहे. 803 सीसीचं इंजिन काढून 1098 सीसीचं टाकलं. जुना सेल्फ जड फिरायचा म्हणून भावाने इंग्लंडहून नवीन छोटा गिअरवाला सेल्फ पाठवला. लावला तर झूंऽऽ करून मोकळाच फिरतो, इंजिन हलत नाही. गाडीची वायरिंग मूळचीच आहे, बॅटरीची प्लस बॉडीला. (नाशिक)

उत्तर: ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. जुन्या लुकास कंपनीच्या सेल्फमध्ये लोहचुंबक नसतो, फील्ड कॉइल असते, म्हणजे करंट आला की चुंबक होणारं तारेचं वेटोळं. बॅटरी उलटी जोडली तरी आर्मेचर (आतला फिरता भाग) आणि फील्ड दोन्ही एकदम उलटतात आणि तो त्याच दिशेने फिरतो. नवीन छोट्या सेल्फमध्ये बऱ्याचदा कायमचे लोहचुंबक बसवलेले असतात, ते काही उलटत नाहीत, त्यामुळे प्लस अर्थच्या (बॅटरीची प्लस बॉडीला असलेल्या) गाडीत तो उलटा फिरतो. त्यात पिनियनच्या मागे एकाच बाजूला पकडणारा क्लच असतो, उलट्या दिशेला तो सुटतो, म्हणून मोकळा झूं आवाज. आता मारत बसू नका.

मार्ग दोन. गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर जुनाच सेल्फ बुश, कार्बन बदलून भरून घ्या, चांगला भरलेला लुकास सेल्फ 1098 ला आरामात फिरवतो. नाहीतर गाडी मायनस अर्थ करून घ्या. त्यात बॅटरी फिरवायची, इग्निशन कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करायच्या, डायनॅमोला (बॅटरी चार्ज करणारा) नव्याने पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची दिशा, द्यायची आणि अँपिअर मीटर असेल तर त्याच्या वायरी. अर्ध्या दिवसाचं काम आहे पण डायनॅमोचं विसरलात तर कटआउट (डायनॅमो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच) जळेल. आणि भावाला विचारा की सेल्फ घेताना कुठली रिंग आहे हे सांगितलं होतं का. जुन्या पद्धतीच्या झटका देऊन पिनियन फेकणाऱ्या सेल्फची रिंग वेगळी आणि सोलेनॉइडने (विजेवर चालणारा चुंबकी स्विच) पिनियन ढकलणाऱ्याची वेगळी असू शकते, विकणारे ते विचारूनच देतात.

वायरिंगबद्दल एक. जुन्या सेल्फला एकच जाड वायर जाते, सोलेनॉइड लांब बसवलेला असतो. नवीन सेल्फवर सोलेनॉइड अंगावरच असतो, त्याला बॅटरीची जाड वायर कायम लागते आणि किल्लीची बारीक वायर वेगळी. लोक शॉर्टकट मारतात, जुना सोलेनॉइड तसाच ठेवून नव्यावरचे दोन टर्मिनल जोडून टाकतात. चालतं, पण किल्ली सोडल्यावर फिरती मोटर स्वतःच करंट तयार करून सोलेनॉइड धरून ठेवते आणि पिनियन उशिरा सुटतो. बारीक वायर रिलेमधून (थोड्या करंटवर जास्त करंट चालू करणारा स्विच) वेगळी घ्या, जुन्या स्विचला तो भार झेपत नाही.

आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिन बॉडीला जोडणारी, कृपा करून. इंजिन रबर माउंटवर बसतं म्हणजे बॉडीपासून तुटलेलं असतं. माझ्या एका मित्राच्या जीपमध्ये डिझेल इंजिन टाकलं तेव्हा ती पट्टी राहून गेली. सेल्फ मारला आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल आमच्या डोळ्यांदेखत लालसर झाली, प्लास्टिकचा धूर केबिनभर, कारण सगळा करंट परतीला त्याच तारेतून गेला. पट्टी लावल्यावर तोच सेल्फ एका झटक्यात. मल्टिमीटर असेल तर सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक टोक आणि इंजिनच्या ब्लॉकवर दुसरं धरून बघा (तुमच्याकडे सध्या प्लस अर्थ आहे तर प्लसवर), 0.3 व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग कच्ची.

प्रश्न: मी मूळचा साताऱ्याचा, आता मिशिगनमध्ये. 1968 ची कमॅरो सहा सिलिंडरची होती, त्यात शेव्हीचं (शेव्हरलेचं) 350 क्युबिक इंची इंजिन टाकलं. सेल्फ उचलतो, गाडी चालूपण होते, पण चालू झाल्याझाल्या किल्ली सोडताना कर्कश शीळ येते. सेल्फ बदलू का?

उत्तर: नको. शेव्हीच्या स्मॉल ब्लॉक इंजिनला (तुमचं 350 त्यातलंच) फ्लायव्हील दोन मापांत येतं, 153 दातांचं पावणेतेरा इंची आणि 168 दातांचं 14 इंची. 153 च्या सेल्फचे दोन बोल्ट सरळ रेषेत असतात, 168 च्या सेल्फचे तिरके, आणि बऱ्याच ब्लॉकवर दोन्हींची भोकं पाडलेली असतात म्हणून चुकीचा सेल्फपण गपगुमान बसतो. तर दात मोजून खात्री करा. जोडी बरोबर असेल तर आवाजच सांगतो: सेल्फ फिरत असताना शीळ आली तर पिनियन रिंगपासून लांब आहे, शिम काढायची. इंजिन चालू झाल्यावर किल्ली सोडताना आली तर पिनियन फार घट्ट बसलाय, शिम घालायची. तुमचं दुसरं आहे. एक पातळ शिम घाला, ऐका, लागली तर दुसरी. बोल्ट मात्र त्या सेल्फचेच वापरा, त्यांच्या दांड्यावर खरखरीत भाग असतो तो सेल्फला जागेवर धरतो. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट घातला तर सेल्फ किंचित सरकतो आणि आज लावलेली शिम महिन्याभरात वाया जाते.