वाचक विचारतात: प्राध्यापकाविरुद्धची तक्रार आणि तिची चौकशी

प्रश्न: माझी मुलगी नाशिकमधील एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गात शिकते. तिच्या विभागातील एक प्राध्यापक तिला रात्री-अपरात्री अत्यंत आक्षेपार्ह संदेश पाठवतात, आणि तिच्या प्रकल्पाचे अंतर्गत गुणही त्यांच्याच हाती आहेत. आम्ही प्राचार्यांना भेटलो, तेव्हा ‘मी सरांना समज देतो, लेखी काही देऊ नका, मुलीचे नाव उगाच चर्चेत येईल’ असे त्यांनी सांगितले. त्यालाही आता दोन महिने होत आले. पुढे काय करावे? – एक पालक, गंगापूर रोड

उत्तर: तक्रार लेखी द्यावी आणि ती याच आठवड्यात द्यावी. प्राचार्यांनी दिलेली समज ही चौकशी नव्हे. तिची कोठेही नोंद नसते, आणि उद्या प्राचार्य बदलले तर ती दिली होती हे सिद्धही करता येणार नाही. लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार, जे मे 2016 मध्ये अधिसूचित झाले, घटना घडल्यापासून, किंवा असे प्रकार वारंवार घडले असतील तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असल्यास अशा तक्रारींची चौकशी करणारी महाविद्यालयातील अंतर्गत समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. त्यापुढे मात्र वाट बंद होते. पश्चिम बंगालमधील एका विधी विद्यापीठाच्या कुलगुरूंविरुद्धची तक्रार केवळ मुदत उलटून गेल्यामुळे टिकू शकली नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये दिला. त्या प्रकरणातील शेवटची घटना एप्रिल 2023 ची आणि तक्रार त्याच वर्षीच्या डिसेंबरमधली होती.

तक्रार अंतर्गत समितीच्या पीठासीन अधिकाऱ्यांकडे द्यावी आणि प्रतीवर पोच घ्यावी. ही समिती महाविद्यालयातच असणे बंधनकारक असल्याने, महाविद्यालय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असले तरी त्यासाठी पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पीठासीन अधिकारी ज्येष्ठ महिला अध्यापक असतात, किमान निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात, आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा, स्वयंसेवी संस्थेतला असतो. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरील व्यक्तींना समितीवर बसता येत नाही. ज्यांच्या हाती वेतनवाढ आणि बदली असते, त्यांच्यासमोर एखादा लिपिक किंवा कनिष्ठ अध्यापक मोकळेपणाने साक्ष देईल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल, म्हणून मला ही तरतूद फार मोलाची वाटते.

गुणांची चिंता आपल्याला सर्वांत जास्त असणार. चौकशी सुरू असताना संबंधित प्राध्यापकाला तक्रारदाराचे मूल्यमापन किंवा परीक्षण करण्यापासून दूर ठेवण्याची तरतूद विनियमांत आहे. मात्र ही मागणी तक्रारीतच स्पष्ट शब्दांत करावी. कोणी आपणहून लक्षात ठेवील, या भरवशावर राहू नये. संदेश मुळीच पुसू नयेत. समेटाचा मार्ग तक्रारदाराने स्वतः मागितला तरच खुला होतो, आणि तोही पैशांच्या देवाणघेवाणीवर आधारलेला असू शकत नाही. आपल्या मुलीच्या बाबतीत प्राचार्यांनी तो परस्परच निवडला, हे मला गंभीर वाटते. नावाच्या चर्चेची भीती खरी आहे, पण तक्रारदाराची ओळख गोपनीय राखण्याचे बंधन कायद्यानेच घातले आहे.

चौकशी 90 दिवसांत पूर्ण होऊन पुढील 10 दिवसांत अहवाल व्यवस्थापनाकडे जातो आणि त्याची प्रत दोन्ही पक्षांना मिळते. त्यावर 30 दिवसांत कार्यवाही अपेक्षित असते; शिफारस स्वीकारायची नसेल तर कारणे लेखी द्यावी लागतात. काही संस्था यानंतर पुन्हा विभागीय चौकशी लावून वेळ काढतात. परंतु मेधा कोतवाल लेले प्रकरणात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतील चौकशी अहवाल मानण्याचे आदेश दिले आहेत. समितीकडे जाण्याने पोलिसांकडे जाण्याचा हक्क संपत नाही. मुलगी अकरावी-बारावीत आणि अठरा वर्षांखालील असती, तर बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली पोलिसांना कळवणे संस्थेवरच बंधनकारक ठरले असते.

प्रश्न: आमच्या एका सहकाऱ्याविरुद्ध तक्रार आली आहे. समितीत विद्यार्थी बसतात आणि वकील आणू दिला जात नाही. हा एकतर्फी न्याय नव्हे काय? – एक अध्यापक, नाशिक रोड

उत्तर: वकिलाची मनाई दोन्ही बाजूंना आहे, त्यामुळे तिला एकतर्फी म्हणता येत नाही. तक्रार विद्यार्थ्याशी संबंधित असेल तेव्हाच तीन निवडून आलेले विद्यार्थी समितीत असतात. आपल्या सहकाऱ्यांना तक्रारीची प्रत सात दिवसांत मिळाली पाहिजे, आणि उत्तर, कागदपत्रे व साक्षीदारांची यादी देण्यासाठी दहा दिवस मिळाले पाहिजेत. शिफारशींविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येते. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्धची कारवाई सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये रद्द केली, कारण समितीने घाईघाईने सुनावण्या उरकून त्यांना बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नव्हती; प्रकरण पुन्हा समितीकडेच पाठवण्यात आले. तेव्हा आपल्या सहकाऱ्यांनी प्रत्येक तारखेला हजर राहावे, वेळ हवा असेल तर तो लेखी मागावा आणि तक्रारदाराशी थेट किंवा मध्यस्थामार्फत कोणताही संपर्क साधू नये. येथे पुराव्याचा निकष फौजदारी खटल्याइतका कडक नसतो, कोणती बाजू अधिक संभाव्य आहे हे पाहिले जाते. आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी ठरली, असेही कायदा मानत नाही, आणि स्टाफरूममध्ये तसे बोलणे टाळलेले बरे.

प्रश्न: मी दूरशिक्षणाची विद्यार्थिनी आहे आणि संपर्क सत्रांसाठी दुसऱ्याच महाविद्यालयात जाते. केवळ माहितीसाठी विचारते, असा प्रसंग आल्यास तक्रार कोठे करावी? – एक वाचक, सिडको

उत्तर: आयोगाच्या विनियमांतील विद्यार्थ्याच्या व्याख्येत दूरशिक्षणाचे विद्यार्थी स्पष्टपणे येतात. शिवाय आपला प्रवेश ज्या संस्थेत आहे, तिच्याहून वेगळ्या संस्थेतील उपक्रमात आपण सहभागी असाल आणि तेथे प्रसंग घडला, तर त्यापुरते आपल्याला त्या संस्थेचेच विद्यार्थी मानले जाते. म्हणून तक्रार संपर्क सत्रे घेणाऱ्या महाविद्यालयाच्या समितीकडे द्यावी. तिची एक प्रत आपला प्रवेश असलेल्या विद्यापीठाकडेही पाठवून ठेवावी, म्हणजे आपले केंद्र बदलून घेण्याची वेळ आल्यास कारण आधीच नोंदलेले असेल.