चार बाटल्या, एक छोटा ग्लास

प्रश्न : मित्राच्या चाळिसाव्या वाढदिवसाची पार्टी माझ्या घरी आहे. त्याच्यासाठी एक जबरदस्त शॉट करायचा विचार आहे. व्हिस्की, व्होडका, रम आणि टकीला प्रत्येकी १५ मि.लि., सगळं एका ग्लासात आणि एका दमात खाली. चार दारू एकत्र आल्यावर किक चौपट बसेल ना? आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसायची वेळ येऊ नये म्हणून काय करावं?

उत्तर : चौपट अजिबात नाही. चारही बाटल्यांवर ४० टक्के लिहिलं असेल तर त्या कशाही मिसळा, मिश्रण ४० टक्क्यांचंच राहणार. तुमचा शॉट म्हणजे ६० मि.लि. कोरी दारू. नुसती व्होडका ओतली असती तरी तेवढीच चढली असती, आणि निदान तोंड तरी वाकडं झालं नसतं. टकीलाचा हिरवट उग्रपणा, व्हिस्कीतला लाकडाचा वास आणि रमचा मळीचा गोडवा एका घोटात आले की कुणीच कुणाचं ऐकत नाही.

बारच्या मागे उभं राहून मी एक गोष्ट पाहिली आहे. ‘चार-पाच मिसळून काहीतरी कडक दे’ असं सांगणारा माणूस तो शॉट सहसा स्वतःसाठी मागत नाही, ज्याचा वाढदिवस आहे त्याच्यासाठी मागतो. म्हणून आधी थोडा हिशेब. तुमच्या एका शॉटमध्ये २४ मि.लि. शुद्ध अल्कोहोल आहे, वजनानं सुमारे १९ ग्रॅम. शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटतं. म्हणजे एकच शॉट उतरायला दोन तास किंवा त्याहून जास्त. शिवाय प्यायलेली दारू रक्तात शिगेला पोहोचायला अर्धा ते दीड तास लागतो. दहाव्या मिनिटाला ‘छे, काहीच झालं नाही’ म्हणून दुसरा आणि विसाव्या मिनिटाला तिसरा घेतला, की पुढे तिन्ही एकदमच भेटायला येतात.

आता मी काय करेन ते सांगतो. ‘कडक’ म्हणून लोकांना जे हवं असतं ते म्हणजे घशाला बसणारा चटका, आणि तो दारू न वाढवताही देता येतो. आठ शॉटसाठी व्होडका ६० मि.लि., पांढरी रम ६०, संत्र्याच्या सालीचं लिक्युअर म्हणजे गोड, स्वादाचं मद्य (ट्रिपल सेक, ४० टक्क्यांचं) ६०, ताज्या लिंबाचा रस ६० आणि साखरेचा पाक २० मि.लि. घ्या. त्यात एक चमचा आल्याचा गाळलेला रस आणि चिमूटभर मीठ. घशाला चटका देण्याचं काम आलं करतं. मीठ कडवटपणा दाबतं. रम काढून टाकली तर हा कामिकाझे नावाच्या जुन्या शॉटचाच भाऊबंद. त्यात व्होडका, ट्रिपल सेक आणि लिंबू समसमान असतात.

शेकर नसेल तर घट्ट झाकणाची बरणी चालेल. दोन खेपा करा, एकदम सगळं कोंबू नका. बरणी बर्फानं भरा आणि दहा-बारा सेकंद जोरात हलवा. बर्फ वितळून आत पाणी जातं, त्याला घाबरू नका. ते मूळ मिश्रणाच्या चौथ्या हिश्शाएवढं होतं आणि ते हवंच असतं. पाण्याशिवाय लिंबू बोचतं आणि दारू भाजते. शेवटी जे हातात येतं ते साधारण २२ टक्क्यांचं. ४० मि.लि.च्या ग्लासात ९ मि.लि. शुद्ध अल्कोहोल, तुमच्या शॉटच्या निम्म्याहूनही कमी. पाहुण्यांना हे सांगायची गरज नाही. आल्यामुळे चेहरे तसेही लाल होतातच.

अंदाजानं ओतू नका, मापी पेला घ्या. हात सैल सुटतो तो तिसऱ्या फेरीनंतर, आणि तेव्हा ओतणाराही प्यायलेला असतो.

डोकेदुखीचं म्हणाल, तर मिसळण्याला उगाच बदनाम केलंय. बिअर आधी की वाइन आधी, यावर २०१९ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. क्रम उलटासुलटा करूनही सकाळच्या त्रासात फरक पडला नाही. दारूच्या रंगाचा मात्र थोडा संबंध आहे. बर्बन, ब्रँडी, गडद रम यांत आंबवताना आणि पिंपात मुरताना तयार होणारी इतर रसायनं जास्त असतात, व्होडकात सगळ्यात कमी. तरी मुख्य गुन्हेगार एकूण मात्राच. मध्ये पाणी, आधी पोटभर जेवण. गाडीची किल्ली ज्यानं प्यायलेली नाही त्याच्याकडे.

एखादा हाक मारूनही उठत नसेल, ओकत असेल किंवा श्वास संथ, अडखळत चालला असेल, तर ‘झोपू दे त्याला’ म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा, लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत एकटं सोडू नका.

प्रश्न : तीन थरांचा शॉट घरी जमेल का? माझे थर नेहमी मिसळतात.

उत्तर : बहुधा क्रम चुकतोय. साखर द्रव जड करते, अल्कोहोल हलकं करतं. बी-५२ या तीन थरांच्या शॉटमध्ये म्हणून कॉफी लिक्युअर तळाशी, त्यावर आयरिश क्रीम (व्हिस्की आणि सायीचं लिक्युअर), सगळ्यात वर संत्र्याचं लिक्युअर. चमचा पालथा धरून ग्लासच्या कडेला टेकवा आणि पाठीवरून अगदी बारीक धारेनं सोडा. आयरिश क्रीमच्या जवळपास लिंबू नको, साय फाटून चोथा होतो.

प्रश्न : आणि तो पेटवायचा?

उत्तर : घरात नाही. ज्योत उजेडात धड दिसत नाही, ग्लासची कड तापते आणि शेजारी बाटली उघडी असते. कधीच नाही.

प्रश्न : आदल्या दिवशी करून फ्रीजरमध्ये ठेवलं तर?

उत्तर : कोरी व्होडका खुशाल ठेवा. ४० टक्क्यांची दारू घरच्या उणे १८ अंशांत गोठत नाही, उलट दाट आणि मऊ होते. पण वरच्या कृतीत लिंबू आणि पाणी गेलं की त्याचा बर्फाळ चुरा होईल. मद्य आणि पाक आदल्या दिवशी मिसळून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. लिंबू आणि आलं पाहुणे दारात आल्यावर पिळा.