मिशिगनकडून हरूनही ओहायो स्टेट २०२४ चा विजेता कसा ठरला?

तुमचा प्रश्न असा आहे की नियमित सीझनमध्ये दोनदा हरलेला, त्यातही शेवटचा सामना घरच्या मैदानावर गमावलेला ओहायो स्टेट विद्यापीठाचा संघ अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा (अमेरिकन फुटबॉल) राष्ट्रीय विजेता झालाच कसा, आणि हे विजेतेपद नव्या नियमांची मेहेरबानी म्हणायचं का. मी ओहायो स्टेटच्या गावात, कोलंबसमध्येच राहतो आणि तो सीझन पहिल्या सामन्यापासून पाहिला आहे. मेहेरबानी हा शब्द मला अजिबात मान्य नाही.

नियमांचा फायदा झाला, हे खरंच. २०२३ पर्यंत प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीत, चारच संघ जायचे. निवड समितीच्या शेवटच्या क्रमवारीत ओहायो स्टेट सहावा होता, म्हणजे जुन्या पद्धतीत घरी बसला असता. २०२४ पासून बारा संघ घेऊ लागले. त्या वर्षी वरची चार सीडिंग (प्लेऑफमधले मानांकन क्रमांक) कॉन्फरन्स, म्हणजे संघांच्या गटांच्या, विजेत्यांसाठी राखीव असल्यामुळे या सहाव्या संघाला आठवं सीडिंग मिळालं.

पण ते हरले का, हे आधी समजून घ्यायला हवं. ऑक्टोबरमध्ये ऑरेगनमध्ये जाऊन ३२-३१ असा एका गुणाने पराभव झाला. त्याच सामन्यात लेफ्ट टॅकल जॉश सिमन्सचा गुडघा गेला आणि त्याचा सीझन संपला. नोव्हेंबरमध्ये सराव करताना सेंटर सेथ मॅक्लॉफ्लिनची टाच दुखावली, तोही सीझनबाहेर गेला. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, पुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणारे जे पाच धिप्पाड गडी असतात, त्यातले दोन उत्तम गडी असे गेले. डोनोव्हन जॅक्सन हा मूळचा त्याच रांगेतला गार्ड. त्याला लेफ्ट टॅकलच्या जागी हलवावं लागलं. टीव्हीवर सगळ्यांचं लक्ष चेंडूकडे असतं, पण या संघाचा खरा सीझन त्या पाच जणांच्या रांगेत घडला.

आता ३० नोव्हेंबर. मिशिगन पाच सामने हरून इथे आला होता आणि सट्टेबाजांच्या हिशेबात ओहायो स्टेट जवळपास २० गुणांनी वरचढ होता. मिशिगनचा सर्वात चांगला कॉर्नरबॅक (पास अडवणारा खेळाडू) विल जॉन्सन जखमी, म्हणजे लांबचे पास टाकायला रान मोकळं. ओहायो स्टेटकडे जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर (पास पकडणारा खेळाडू) होता, पहिल्याच वर्षाचा, पण देशात त्याच्या तोडीचे फार थोडे. असं असूनही डाव मधूनच धावण्याचा खेळला गेला, थेट मिशिगनच्या बचावफळीतल्या मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट यांच्या अंगावर. हे दोघे पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (खेळाडू-निवडीत) पहिल्याच फेरीत निवडले गेले, यावरून काय ते ओळखा. क्वार्टरबॅक विल हॉवर्डने दोन इंटरसेप्शन दिली, म्हणजे त्याचे दोन पास प्रतिस्पर्ध्यांनीच पकडले, किकर जेडन फील्डिंगची दोन फील्ड गोल (लाथेने मारायचे गोल) हुकली आणि मिशिगन १३-१० ने जिंकला. सलग चौथ्या वर्षी! सामन्यानंतर मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांना मिरपूड फवारावी लागली. प्रशिक्षक रायन डे यांना काढा, ही मागणी मी इथे दुकानात, रस्त्यात, सगळीकडे ऐकली.

पुढचा सामना, म्हणजे प्लेऑफचा पहिला, टेनेसीविरुद्ध २१ डिसेंबरला, म्हणजे मध्ये तीन आठवडे. माझ्या मते सीझन इथेच फिरला. खेळाडू आणि प्रशिक्षक बंद दाराआड बसून एकमेकांशी स्पष्ट बोलले. जॅक्सनला नव्या जागी रुळायला वेळ मिळाला. आणि डावपेच बदलले: स्मिथकडे लवकर आणि लांब पास टाकायचे. मिशिगनविरुद्ध ३५ यार्डांत अडकलेला हा मुलगा टेनेसीविरुद्ध १०३ यार्ड गेला, दोन टचडाउनसह (चेंडू गोल रेषेपार नेणं). गोठवणाऱ्या थंडीत, आपल्याच स्टेडियममध्ये टेनेसीच्या नारिंगी जर्सी घालून आलेल्या हजारो लोकांसमोर, पहिल्या क्वार्टरमध्येच २१-० झालं होतं. निकाल ४२-१७.

पुढच्या फेरीत, रोझ बोल या सामन्यात, पुन्हा ऑरेगन, तोवर एकही सामना न हरलेला. दुसऱ्या क्वार्टरमध्ये धावफलक ३४-० होता. विश्वास बसत नव्हता. शेवटी ४१-२१.

उपांत्य फेरीत टेक्ससने मात्र घाम फोडला. त्यांनी स्मिथला दोन-दोन जणांनी घेरलं आणि त्याला एकच पास पकडता आला. सामना संपत आलेला, ओहायो स्टेट २१-१४ ने पुढे आणि टेक्सस गोल रेषेपासून एका यार्डावर. त्यांचे पुढचे प्रयत्न मागे ढकलले गेले आणि चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला चेंडू आठ यार्डांवर होता. ओहायो स्टेटचा जॅक सॉयर कडेने आत घुसला, टेक्ससचा क्वार्टरबॅक क्विन ईवर्स याच्या हातातला चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत सुटला. ईवर्स पूर्वी ओहायो स्टेटमध्ये सॉयरचाच रूममेट होता. तो थकलेला, पाय ओढत धावणारा सॉयर पाहून मी घरात एकटाच ओरडत होतो.

२० जानेवारी २०२५ ला अटलांटात अंतिम सामन्यात नोत्र दामविरुद्ध ३१-७ अशी आघाडी घसरत ३१-२३ वर आली. तिसरा प्रयत्न, आणि चेंडू आपल्याकडे ठेवायचा तर अजून अकरा यार्ड पुढे जाणं गरजेचं. बहुतेक प्रशिक्षक इथे जपून खेळतात, कारण चेंडू हातून गेला तर संपलंच. डे यांनी स्मिथकडे लांब पास टाकायला लावला, ५६ यार्ड. त्यानंतर फील्डिंगने फील्ड गोल मारलं आणि सामना ३४-२३ वर संपला.

आता हिशेब बघा. समितीच्या शेवटच्या क्रमवारीतले पहिले आठ घेतले, तर स्वतः ओहायो स्टेट आणि जॉर्जिया सोडून उरलेल्या सहाही संघांना त्यांनी त्या सीझनमध्ये हरवलं: ऑरेगन, टेक्सस, पेन स्टेट, नोत्र दाम, टेनेसी, इंडियाना. यापेक्षा जास्त काय सिद्ध करायचं?

मिशिगनचा सल मात्र या विजेतेपदाने गेला नाही. कोलंबसमधले लोक तो हिशेब वेगळा ठेवतात, आणि तो चुकता व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडावा लागला. तेव्हा ओहायो स्टेटने मिशिगनच्या मैदानावर जाऊन २७-९ ने सामना जिंकला.