कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्राचा कचरा आमच्या बेळगावजवळच्या खानापूरच्या जंगलात आणून पुरतात म्हणे, खरं काय?

नाही, खानापूरकडं काय येत नाही. हातमोजे, फिल्टर, पुसायची फडकी असला कमी किरणोत्साराचा कचरा केंद्राच्याच आवारात काँक्रीटच्या खंदकात पुरतात, आपल्याकडं सगळ्याच अणुवीज केंद्रांत हीच पद्धत आहे. वापरलेलं इंधन मात्र वेगळं, ते आधी तिथंच पाण्याच्या टाकीत काही वर्षं थंड करायचं, मग पुनर्प्रक्रिया, म्हणजे त्यातलं परत वापरता येणारं इंधन वेगळं काढायचं, आणि उरलेला जहाल द्रव वितळलेल्या काचेत मिसळून घट्ट करून स्टीलच्या डब्यात बंद करतात, हे काम तारापूर, कल्पाक्कमला चालतं. अपघात झाला तर उपाययोजना करायचा आपत्कालीन पट्टा केंद्राभोवती 16 किलोमीटरचा, खानापूर सरळ रेषेतसुद्धा 80च्या वर. पण धोका शून्य आहे असं नाही बघा, 2009 मध्ये कैगातच कामगारांच्या पिण्याच्या कूलरमध्ये ट्रिशियम (किरणोत्सारी हायड्रोजन) मिसळलं होतं, म्हणून केंद्राजवळच्या काळी नदीच्या पाण्यातल्या किरणोत्साराचे आकडे लोकांनी मागत राहायलाच पाहिजेत.