मोठ्या कुत्र्याला झोळी नको, फळी हवी

ताई, 34 किलोचा लॅब्रेडॉर, छोटी हॅचबॅक, मुलुंडहून परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलला महिन्यात दोन फेऱ्या, आणि ब्रेक लागला की साहेब मागच्या सीटवरच्या कव्हरसकट पुढच्या सीटमागच्या खळग्यात. मग कव्हर कुठलं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडे हे सगळं होऊन गेलंय. आमचा बंड्या जर्मन शेफर्ड, 38 किलो. त्याच्यापायी मी तीन कव्हरं घेतली, त्यातली दोन माळ्यावर आहेत. एकात दिवाळीचे कंदील गुंडाळून ठेवलेत, त्या कामाला ते झकास आहे.

‘हॅमॉक’ म्हणून जे मिळतं ती नावाप्रमाणे झोळीच असते. दोन पट्टे पुढच्या हेडरेस्टला, दोन मागच्या, आणि खळग्यावर नुसतं ताणलेलं कापड. पॉमेरेनियनला ते पुरतं. मोठं कुत्रं उभं राहिलं की निम्म्याहून जास्त वजन पुढच्या दोन पंजांवर येतं, ब्रेक लागला की आणखी. आणि नेमके तेच पंजे खळग्यावर असतात. कापड कितीही जाड घ्या, फाटणार नाही, पण खाली जाणारच. शिवाय पायाखालचं हलतंय म्हटल्यावर कुत्रं बसत नाही. बंड्या सायन येईपर्यंत धापा टाकत उभा असायचा आणि आम्ही समजायचो, गाडीला घाबरतो. लॅब, शेफर्ड या जातींना खुब्याचं दुखणं तसंही जास्त, त्यात ही कसरत कशाला?

तेव्हा कापड, रंग, खिसे नंतर. आधी खळग्यावर काय आहे ते बघा. ‘हार्ड बॉटम’ लिहिलेल्या काही कव्हरांत पातळ प्लास्टिकची पन्हळी शीट निघते. घरी आलं की गाडीत लावा आणि पिण्याच्या पाण्याची 20 लिटरची भरलेली बाटली बरोबर त्या भागावर ठेवा. एवढ्या 20 किलोंनीच मधे पोक आला, तर टॅगसुद्धा न काढता परत पाठवा.

मी शेवटी 12 मिलिमीटरची प्लाय सुताराकडून कापून घेतली. गाडीच्या मधोमध उंचवटा असतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना दोन लाकडी खोकी, त्यावर फळी, वर पातळ फोम. भार जमिनीवर जातो, हेडरेस्टवर नाही. उंची सीटच्या पुढच्या काठाबरोबर ठेवा. फळी आणि खोकी पट्ट्याने घट्ट बांधा, सुटी राहिली तर जोरात ब्रेक मारल्यावर तीच अंगावर येईल. आणि माप घेताना पुढच्या सीट रोजच्या जागेवर हव्यात. मी घेतलं तेव्हा ड्रायव्हरची सीट बायकोच्या मापाने पुढे होती. फळी अगदी चपखल बसली, मी मात्र स्टिअरिंगला चिकटलो.

फळीवर कव्हर खरखरीत कापडाचं, खालून रबरी ठिपके असलेलं घ्या. रेक्झिन नको, पंजे घसरतात आणि मे महिन्यात तव्यासारखं तापतं. पुढच्या बाजूला जाळीची खिडकी बघा, नाहीतर एसीची हवा मागे पोचत नाही. तुमच्या गाडीत मागचे हेडरेस्ट सीटलाच जोडलेले असतील तर पट्टा अडकवायचा कुठे, हेही ऑर्डर करण्याआधी तपासा. पावसाळ्यात वॉटरप्रूफ कव्हर गाडीत तसंच ठेवू नका. खाली ओल कोंडते आणि आठवड्याभरात सीटला बुरशीचा वास येतो. घरी आलं की काढून गॅलरीत टाकायचं.

कव्हरला सीटबेल्टच्या बकलसाठी चीर हवीच. बकलात अडकवलेला पट्टा कुत्र्याच्या छातीच्या हार्नेसला लावा, गळ्याच्या कॉलरला कधीही नाही, गचका बसला की मानेवर येतो. लांबी इतकीच, की त्याला बसता-लोळता येईल पण पुढच्या सीटवर झेपावता येणार नाही.

फळी तयार झाली की थेट हॉस्पिटलच्या फेरीला वापरू नका. दोन दिवस हॉलमध्ये जमिनीवर टाकून ठेवा, कव्हरसकट, आणि जेवण तिथेच द्या. बंड्या आता दार उघडलं की आधी फळीवर जाऊन आडवा होतो, आणि परळ आलं की उतरायला तयार नसतो.