निमालिंगला निघण्याआधी

काल गच्चीवर तुझी सॅक उचलून पाहिली. 19 किलो! अरे, लेहला 3,500 मीटरवर बुटाच्या नाड्या बांधतानाच धाप लागते, आणि आपलं इंदूर जेमतेम साडेपाचशेवर. दर रविवारी जानापाव चढतोस ते छानच, पण त्याने पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही. लेहला पहिले दोन दिवस नुसतं लोळायचं. पुढे झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण विश्रांती.

कांग यात्से-2 आणि झो जोंगो, लडाखमधल्या या दोन्ही शिखरांकडे निमालिंगच्या कुरणातून जाता येतं, म्हणून लोक घाई करतात. मीही केली. संध्याकाळपासून डोकं ठणकत होतं, पण बोललो नाही; रात्री तंबूची चेन हाताला सापडेना. धरून खाली आणावं लागलं मला. तू लपवू नकोस. चालताना झोक जाऊ लागला तर मध्यरात्र असली तरी खाली उतरायचं.

गॅसचा डबा विमानात चालत नाही, लेहमध्येच घे. जीन्स काढून टाक. लवंगी शेव मात्र राहू दे. वर जेवण नकोसं होतं, तेव्हा तीच खाल्ली जाते.